विश्वासातली व्यक्ती

"लावा," जज्जबाई म्हणाल्या.

समोरच्या बाजूच्या वकिलांनी आपला फोन एका लहानशा काळ्या स्पीकरला जोडला होता. आधी पंख्याची घरघर आली, मग कुठंतरी कुकरची शिट्टी, आणि मग सुवर्णा बोलायला लागली. म्हणजे फोनमधली सुवर्णा. खरी सुवर्णा माझ्यापासून दोन बाकं पुढं बसली होती. आपलाच आवाज ऐकून तिनं चमकून मागं पाहिलं. मागं मी होते.

"आज कावूला आंघूळ घातली. घालताना परत तसंच झालं. मनात आलं, हात सोडला तर? नुसता ढिला केला तर? मग मी सासूबाईंना हाक मारली, म्हटलं तुम्हीच घाला, माझी कंबर दुखतीया. कंबर न्हवती दुखत. परवा विहिरीवर गेले तवाबी तसंच झालं. हिला घेऊन विहिरीकडं आता जायाचंच न्हाई, असं ठरवलंय मी."

वकिलांनी बटण दाबलं. "हात सोडला तर," ते सावकाश म्हणाले. "आणि विहीर." एवढं बोलून ते खाली बसले. त्यांना जास्त बोलायची गरजच नव्हती.

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. विहीर सगळ्यांनी ऐकली, जायचं नाही हे कुणी ऐकलं नाही. मला तेव्हा उठून ओरडावंसं वाटलं, की अहो, जी बाई लेकराला विहिरीपासून लांब ठेवते ती आई आहे, आणखी काय असतं आईपण? पण कोर्टात असं ओरडता येत नाही, आणि ओरडायचा अधिकार मी आधीच घालवून बसले होते. कारण ते सगळं ती माझ्यासाठी बोलली होती. मी सांगितलं होतं म्हणून.

या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. तेव्हा मी एका धर्मादाय न्यासाच्या दवाखान्यात समुपदेशक होते. सगळा द्राक्षांचा मुलूख, आणि तालुक्याला मनोविकारांचा डॉक्टर एकच, तोही पंधरवड्यातून एकदा येणार. मधले तेरा दिवस मी एकटी. अशात पुण्याहून करंदीकर सर आले, न्यासाच्या नव्या प्रकल्पाचे प्रमुख, आणि त्यांनी पेटीभर फोन आणले. त्या प्रत्येकात एक ॲप होतं, त्याला आम्ही नुसतं 'वही' म्हणायचो. बाईनं रोज दोन मिनिटं वहीत बोलायचं, ते मी दवाखान्यात संगणकावर ऐकायचं. ज्या बायकांना लिहिता येत नाही, ज्यांना तालुक्याला यायला एसटी नाही, त्यांच्यासाठी ही सोय. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता.

सुवर्णा चौगुले आली ती कावू चार महिन्यांची असताना. बावीस वर्षांची पोरगी, डोळ्यांखाली काळं, तिच्या मांडीवर ते गुबगुबीत लेकरू. नवरा श्रेणिक बाहेर बाकावर बसला होता. त्याचं गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. स्वभावानं वाईट नाही. बायकोला झोप लागत नाही म्हणून दवाखान्यात घेऊन येणारे नवरे आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला तो एक.

तीन बैठका सुवर्णा काहीच बोलली नाही. चौथ्या बैठकीला मी तिच्यापुढं फोन ठेवला.

"माझ्याशी तोंडावर बोलवत नसेल तर यात बोल. जे मनात येईल ते. मनात आलं म्हणजे तू तसं करशील असं नसतं."

तिनं फोन उलटापालटा करून पाहिला. "हे कुठं बाहेर जाणार न्हाई न्हवं, ताई?"

"नाही जाणार. तू आणि मी, बस्स."

हे मी छातीठोकपणे सांगितलं. मला खरंच तसं वाटत होतं. मग फॉर्म भरायला घेतला. बाहेर बावीस बायका ताटकळत होत्या आणि फॉर्म होता इंग्रजीत, बारा पानांचा. मी भराभर पुढं सरकवत गेले. नवव्या पानावर लाल चांदणी असलेला रकाना होता: विश्वासातल्या व्यक्तीचा मोबाइल नंबर. चांदणीचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढं हलायचा नाही. मी सुवर्णाला विचारलं नाही. तिच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात जो नंबर होता तो घातला. केसपेपरवरचा नंबर कुणाचा असतो? आमच्याकडे बाईच्या रेशनकार्डापासून प्रसूतीच्या कार्डापर्यंत सगळीकडे जो असतो त्याचा. नवऱ्याचा. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही, हातच तसा वळलेला.

खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, तिच्यापुढं चौकट. मी चौकटीत खूण केली. मग श्रेणिकच्या फोनवर सहा आकडे गेले. मी दारातून डोकं बाहेर काढून म्हटलं, "अहो चौगुले, मेसेज आलाय बघा, आकडे सांगा." त्यानं उठून उभं राहून, शाळेत धडा म्हणावा तसे आकडे वाचून दाखवले.

त्या ओळीत लिहिलं होतं की या व्यक्तीला सर्व नोंदी ऐकता येतील, आणि यास रुग्णाची समजून-उमजून संमती आहे.

तीन महिन्यांत मी असे पंचेचाळीस फॉर्म भरले. पंचेचाळीस नवरे.

सुवर्णा मात्र खरंच बोलायला लागली. आधी पाच सेकंद, मग मिनिट, मग पुरी दोन मिनिटं. भीती सांगायची, रडायची, कधी मध्येच हसायची. ते विहिरीचं बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून घेतलं, डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं, गोळी सुरू झाली. अशी भीती कितीतरी बाळंतिणींना वाटते, ज्यांना वाटते त्याच लेकराला जास्त जपतात, हे तिला मी दहा वेळा सांगितलं. आणि तिला उतार पडत होता हो! महिन्याभरानं वहीत म्हणाली, "आज मी एकटीनं आंघूळ घातली, ताई. कायबी झालं न्हाई." मी संगणकासमोर एकटीच टाळी वाजवली होती.

संगणकावर प्रत्येक नोंदीपुढं एक रंग दिसायचा, धोक्याचा शब्द आला की लाल, नाहीतर हिरवा, आणि एक आकडा. 'ऐकले' असा रकाना. मी प्रत्येक नोंद एकदाच ऐकायचे, पण सुवर्णाच्या नोंदींपुढं आकडा दोन असायचा. मला वाटायचं, मशीन आहे, चुकत असेल.

पुढच्या महिन्यात सासरच्यांनी सुवर्णाला आठ दिवस माहेरी विश्रांतीला धाडलं. कावूला सर्दी आहे, तिला मागाहून आणून सोडतो म्हणाले. आठाचे पंधरा झाले. मग सुवर्णाच्या हातात कोर्टाची नोटीस पडली. मुलीचा ताबा बापाकडेच राहावा, आई मनोरुग्ण असून मुलीच्या जिवाला तिच्यापासून धोका आहे. सोबत पुरावा म्हणून छत्तीस ध्वनिमुद्रणं.

ती आणि तिचे वडील तडक दवाखान्यात आले. कावू तेव्हा नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी. सुवर्णाचा ब्लाउज पुढून ओला झाला होता आणि वरून तिनं टॉवेल धरला होता. ती मला एक शब्द वाईट बोलली नाही. एवढंच विचारलं, "ताई, ते कसं काय गेलं हो तिकडं?"

मी संगणक उघडला, तिचा फॉर्म काढला, नववं पान पाहिलं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि कुंपण मी होते.

"बघते," मी म्हटलं. "चौकशी करते."

श्रेणिकला मी दुकानात जाऊन गाठलं. तांब्याच्या तारेचं भेंडोळं हातात तसंच धरून तो माझ्याकडे बघत राहिला.

"मी चोरून न्हाई ऐकलं," तो म्हणाला. "तुमच्या दवाखान्यानंच लिंक पाठवली. मला वाटलं, औषधाच्या वेळा असतील. उघडलं तर ही बोलतीया, हात सोडला तर. ताई, लेकरू तुमचं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"मला विचारलं असतं. तिला विचारलं असतं."

"तिला काय विचारू? रोज माझ्या शेजारी बसून जेवत होती, कंबर दुखतीया म्हणत होती." त्यानं भेंडोळं बाकावर ठेवलं. "मी महिनाभर झोपलो न्हाई."

तो घाबरला होता, अगदी खरा घाबरला होता. त्याला खलनायक करता आलं असतं तर मला बरं पडलं असतं.

सुवर्णाच्या बाजूनं जमादार वकील होत्या. तरुण, बडबड्या, पण डोक्यानं तल्लख. त्यांनी मला चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या सगळं समजावलं.

"हे बघा ताई, एवढं लहान लेकरू साधारण आईकडेच देतात. म्हणून तर त्यांना ती रेकॉर्डिंगं हवीत. आणि पेशंट समुपदेशकाला जे सांगतो ते त्याच्या मर्जीशिवाय बाहेर जाऊ नये असा कायदा आहे. सगळं त्या एका संमतीवर अडलंय. तिला कुणी विचारलंच नव्हतं, हे पुढं आलं तर ती रेकॉर्डिंगं बाजूला ठेवा म्हणून मी भांडू शकते. तुम्ही खरं ते सांगा, एवढंच."

"सांगते," मी म्हटलं. आणि सांगणारच होते.

मग करंदीकर सरांचा फोन आला. सर कधी आवाज चढवत नसत. "निर्मला, तुमच्यावर कुणी दोष ठेवत नाहीये. फक्त लक्षात घ्या, संमती न घेता खूण केली असं तुम्ही कोर्टात म्हणालात, तर ते एका फॉर्मपुरतं राहत नाही. पंचेचाळीस फॉर्म आहेत. प्रकल्प बंद होईल, तुमच्यावर व्यक्तिशः कारवाई होईल. न्यासाला तुमच्या पाठीशी उभं राहता येणार नाही. आणि त्या तालुक्यात मग त्या बायकांना कुणीच उरणार नाही. विचार करा."

मी विचार केला. माझं वय एकोणतीस होतं, घरी अर्धांगानं पडलेले वडील होते, आणि दोन वर्षं वणवण केल्यावर मिळालेली ही नोकरी होती. पण हे कारण म्हणून सांगत नाही. कारणं सगळ्यांनाच असतात.

कोर्टात ते रेकॉर्डिंग वाजल्यावर जज्जबाईंनी आधी मला विचारलं, "ही मुलीला इजा करेल असं तुम्हाला वाटतं?"

"नाही. अजिबात नाही," मी म्हणाले, आणि बाळंतिणीच्या भीतीबद्दल जे जे ठाऊक होतं ते सगळं घडाघडा सांगितलं. तेवढं मी चांगलं बोलले.

श्रेणिकच्या वकिलांनी विचारलं, "आपण डॉक्टर आहात?"

"नाही."

"या नोंदीला तुमच्या ॲपनं कोणता रंग दिला होता?"

"लाल. पण ते शब्द ऐकून रंग देतं, त्याला..."

"लाल," ते म्हणाले आणि बसले.

मग जमादार वकील उठल्या. त्यांनी मला बाजूला बसायला सांगितलं आणि आधी सुवर्णाला पुढं बोलावलं. त्यांचा हिशेब साधा होता: ती म्हणेल मला विचारलं नाही, मी म्हणेन मी विचारलं नाही, काम फत्ते.

"सुवर्णा, तू वहीत बोललेलं तुझ्या नवऱ्याला ऐकू जाईल, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

सुवर्णानं मान खाली घातली. कोर्टात सगळे तिच्याकडे बघत होते, श्रेणिकसुद्धा.

"होय," ती म्हणाली. "ताईंनी विचारलं होतं. मीच होय म्हटलं."

जमादार वकिलांच्या हातातला कागद तसाच राहिला. "नीट आठवून सांग. बारा पानांचा इंग्रजी फॉर्म तुला वाचून दाखवला?"

"ताईंनी सगळं सांगितलं होतं. त्यांची कायबी चूक न्हाई."

जज्जबाई माझ्याकडे वळल्या. "बरोबर आहे? तुम्ही हिला विचारून संमती घेतली होती?"

इथं मला एक सांगायला हवं, जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तारखेच्या दोन दिवस आधी, रविवारी, मी सुवर्णाच्या माहेरी गेले होते. खोटं बोल असं सांगायला गेले नव्हते, शपथेवर सांगते. मी तिची माफी मागायला गेले होते. सोप्यात पाळणा टांगलेला होता, रिकामा, त्यात कावूची दोन झबली घडी घालून ठेवलेली. मी बोलायला सुरुवात केली आणि भलतंच बोलत गेले. माझी नोकरी, माझे वडील, करंदीकर सर, कारवाई. बोलता बोलता मला रडू फुटलं. लेकरू तिचं गेलं होतं आणि रडत मी होते. तिनं मला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही नगा काळजी करू ताई," ती म्हणाली. "तुमच्यामुळं तर मी वाचले."

मला तेव्हाच कळलं होतं ती काय करणार ते. कळलं होतं आणि मी पाणी पिऊन घरी आले.

"तुम्हाला विचारतेय मी," जज्जबाई म्हणाल्या. "संमती घेतली होती?"

सुवर्णा माझ्याकडे बघत होती. तिनं किंचित मान हलवली, धीर द्यावा तशी. मला.

"हो," मी म्हणाले.

छत्तीसच्या छत्तीस रेकॉर्डिंगं कागदावर आली. हुकूम झाला. सुनावणी पुरी होईपर्यंत मुलगी बापाकडे, आईनं महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, कोर्टाच्या आवारात तासभर भेटायचं. सुनावणी पुरी व्हायला चार वर्षं लागली. जमादार वकील त्या दिवशी जिन्यात माझ्याजवळून गेल्या, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि खाली उतरल्या. न्यासानं पुढच्याच आठवड्यात नव्या फॉर्ममधली ती लाल चांदणी काढून टाकली. गाजावाजा न करता. जुन्या चव्वेचाळीस बायकांकडे मी एसटीनं, कधी पायी, एकेक करून जाऊन आले आणि ते नंबर काढून टाकले. त्याबद्दल सरांनी मला शाबासकी दिली.

सुवर्णाचं खातं तेवढं राहिलं. खटला चालू आहे तोवर त्यातलं काही बदलायचं नाही, पुसायचं नाही, असं न्यासाच्या वकिलांनी बजावलं होतं. तिचा फोनही परत मागायचा नाही.

हुकुमानंतर नवव्या दिवशी संगणकावर तिची नवी नोंद आली. हेडफोन कानाला लावून ऐकलं.

"कावू, ए कावू. आई हाय. जेवलीस का माझी बाय? आजीनं मऊ भात केला का? चिऊ आली का अंगणात?" मग ती गुणगुणायला लागली, पाळण्याशी गुणगुणतात तसं, शब्द नसलेलं. दोन मिनिटं संपली तेव्हा मध्येच तुटलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. जे बोललं ते नवऱ्याच्या फोनवर जातं, एवढं कोर्टानं तिला शिकवलं होतं. ज्या वाटेनं तिचं लेकरू गेलं, त्याच वाटेनं ती त्याला अंगाई पाठवत होती. कधी सांगायची दात आला असेल तर चावू नको कुणाला. कधी नुसतंच नाव घ्यायची. एकदा म्हणाली, "अहो, एवढं तिच्या कानाशी धरा. बाकी कायबी मागत न्हाई." ॲपला त्यात धोक्याचा एकही शब्द सापडला नाही. सगळ्या नोंदी हिरव्या.

मी रोज ऐकायचे. आणि रोज त्या रकान्याकडे बघायचे. 'ऐकले': एक. तो एक म्हणजे मी.

दिवाळीच्या सुमारास ती गोळ्या न्यायला दवाखान्यात आली. अंगानं वाळली होती, पण केस नीट विंचरलेले, कपाळाला टिकली. सरांचा निरोप होता की तिच्याशी खटल्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मी गोळ्या पुडीत बांधत होते.

"ताई, मी रोज बोलते. बघता न्हवं?"

"बघते."

"मागच्या शनिवारी कावू माझ्याकडं आलीच न्हाई. आजीच्या गळ्याला मिठी मारून रडाय लागली. पर मी म्हटलं असू दे, चेहरा विसरली असंल, आवाज तर वळखत असंल. रोज ऐकतीया की." तिनं पुडी घेतली, पदराच्या टोकाला बांधली, आणि दारात थांबली. "पोचतंय न्हवं, ताई, तिकडं?"

संगणक माझ्यापुढं उघडाच होता. हुकुमानंतरच्या एकशे चौदा नोंदी. प्रत्येकीपुढं एक.

"पोचतंय," मी म्हणाले.